घरचं माणूस शेवटच्या टप्प्यात असताना: ठाणे-नवी मुंबईतल्या कुटुंबांसाठी

माझे बाबा ऐरोलीच्या घरीच वारले. सिडकोची जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. फुफ्फुसाचा कॅन्सर होता. त्यानंतर दीड वर्षानं सासूबाई ठाण्यातल्या एका हॉस्पिटलात, आयसीयूत गेल्या. बाबांच्या वेळी त्यांचा हात माझ्या हातात होता. सासूबाईंच्या वेळी आम्ही बाहेरच्या खुर्च्यांवर बसलो होतो आणि आतून निरोप आला.

दोन्ही वेळा आमची धावपळ झाली, आणि त्यातली निम्मी टळली असती. कोणीतरी आधी सांगायला हवं होतं, एवढंच. ज्यांच्या घरी आज ही वेळ आली आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. वाचायला फार वेळ नसेल तर पायरी ४ आधी वाचा.

१. "सेवा करा" म्हणजे काय, ते डॉक्टरांकडून उलगडून घ्या

आपल्याकडे डॉक्टर सहसा सरळ सांगत नाहीत. "आता घरी न्या, सेवा करा," एवढं म्हणतात आणि पुढचा पेशंट आत येतो. आम्ही त्याचा अर्थ "अंगात ताकद आली की पुढची केमो" असा लावला आणि तीन आठवडे प्रोटीन पावडरींच्या मागे फिरलो. ते तीन आठवडे बाबा नीट बोलत होते.

घरातल्या एकानं, पेशंटला न घेता, वेगळी वेळ मागून जावं. वही घेऊन जावं. हे विचारावं:

- आता जे चालू आहे ते आजार बरा व्हावा म्हणून आहे की त्रास कमी व्हावा म्हणून?
- पुढचा काळ महिन्यांत मोजायचा, आठवड्यांत की दिवसांत? (नेमकी तारीख कोणीच सांगू शकत नाही, पण याचं उत्तर बहुतेक डॉक्टर देतात.)
- रात्री श्वास लागला, फिट आली, रक्त पडलं तर घरी काय करायचं?
- रोजच्या गोळ्यांतल्या कुठल्या आता बंद करता येतील?

शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण गिळायला त्रास होणाऱ्या माणसाला कोलेस्टेरॉलची गोळी कुटून भरवण्यात काही अर्थ नसतो. बाबांच्या अकरा गोळ्या होत्या, त्या चारवर आल्या.

२. पॅलिएटिव्ह विभागात नाव नोंदवा, आजच

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे हात टेकणं, असा बऱ्याच घरांत समज आहे. माझ्या भावाचाही होता. प्रत्यक्षात वेदना, दम, उलट्या, बद्धकोष्ठ, झोप, भीती आणि घरच्यांची ओढाताण या सगळ्याकडे बघणारा हा वेगळा वैद्यकीय विभाग आहे. तो फक्त कॅन्सरसाठीही नाही. किडनी निकामी होणं, हृदय थकणं, सीओपीडी (फुफ्फुसांचा जुनाट आजार), डिमेन्शिया, मोठा स्ट्रोक यांतही त्याचा उपयोग होतो.

परळच्या टाटा मेमोरियलमध्ये असा विभाग आहे. खारघरचं अ‍ॅक्ट्रेक हे कॅन्सर केंद्रही टाटाचंच, म्हणून नवी मुंबईकरांनी परळच्या डॉक्टरांकडे आधी तिथलीच विचारणा करावी. ऐरोलीहून परळला आजारी माणूस टॅक्सीत घालून नेणं काय असतं ते मला विचारा. टाटाचे पेशंट नसाल तर तुमच्या हॉस्पिटलात "पॅलिएटिव्हचे डॉक्टर आहेत का" असं स्पष्ट शब्दांत विचारा. न विचारता कोणी पाठवत नाही.

घरी सांभाळणं खरंच शक्य नसेल, म्हणजे घरात एकच माणूस आहे किंवा जखम मोठी आहे, तर हॉस्पिसचा, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटना ठेवून सांभाळणाऱ्या जागेचा, विचार करा. वांद्र्याचं शांती आवेदना सदन हे भारतातलं पहिलं हॉस्पिस, १९८६ पासूनचं. बऱ्या न होणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटना तिथे विनामूल्य ठेवून घेतात. "आईला बाहेर ठेवलं" असं नातेवाईक म्हणतील. त्यांना म्हणू द्या.

३. ज्याचं मरण आहे, त्याला विचारा

हे सगळ्यात अवघड. आमच्याकडे तर बाबांना कॅन्सरचं नाव सांगायचं नाही असं ठरलं होतं. घरभर कुजबुज चालायची. शेवटी एका संध्याकाळी बाबाच म्हणाले, "तुम्ही सगळे स्वयंपाकघरात काय बोलता ते मला कळतं."

"तुम्ही आता जाणार" असं सांगायची गरज नसते. मी एवढंच विचारलं, "बाबा, पुढे त्रास वाढला तर तुम्हाला हॉस्पिटलात जायचंय की इथे राहायचंय?" ते म्हणाले, "इथे. आणि नळ्या नकोत." मग अर्धा तास बोलले. पोस्टातलं खातं, गावच्या घराची किल्ली, कोणाचे पाच हजार द्यायचे राहिलेत, असं सगळं. ते इतके दिवस कोणी विचारेल म्हणून थांबले होते.

हे ऐकायला भावंडं एकत्र असू द्या. नाहीतर नंतर "तुलाच कसं सांगितलं" असं होतं.

ज्यांना हे कागदावर हवं आहे त्यांच्यासाठी लिव्हिंग विल आहे. सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ रोजी त्याला मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ रोजी पद्धत सोपी केली. आता त्याचं स्वरूप असं:

- माणूस सज्ञान हवा, शुद्धीत हवा, आणि स्वतःच्या मर्जीनं लिहीत असायला हवा.
- बरं होण्याची आशा नसेल आणि स्वतः ठरवता येत नसेल, तेव्हा कुठले उपचार नकोत ते साध्या, स्पष्ट शब्दांत लिहायचं.
- आपल्या वतीनं बोलणाऱ्यांची नावं द्यायची. एकापेक्षा जास्त चालतात.
- दोन साक्षीदारांसमोर सही, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन. पूर्वी यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावं लागायचं, ते आता लागत नाही.
- प्रती: नाव दिलेल्या माणसांकडे, फॅमिली डॉक्टरकडे, आणि महापालिकेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे.

यात लोक एक गल्लत हमखास करतात. लिव्हिंग विल म्हणजे इंजेक्शन देऊन मरण मागणं नाही. ते आपल्या देशात बेकायदाच आहे. इथे फक्त मरण लांबवणारी यंत्रं लावू नयेत किंवा काढावीत, एवढंच म्हटलेलं असतं. आणि माणूस शुद्धीत आहे तोवर त्याचा शब्दच चालतो, कागद नाही.

४. घरी येणारा एक डॉक्टर ठरवा

बाकी सगळं राहिलं तरी चालेल, हे राहू देऊ नका.

घरी मृत्यू झाला तर एका डॉक्टरनं येऊन तपासून मृत्यूचं कारण लिहून द्यावं लागतं. त्याशिवाय स्मशानात पुढचं काही होत नाही. आणि ज्या डॉक्टरनं पेशंटला कधी पाहिलंच नाही तो पहाटे चारला येऊन सही करत नाही. त्याचंही बरोबर आहे. तो कशाच्या आधारावर लिहिणार?

म्हणून शेवटचे दिवस सुरू व्हायच्या आधीच गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरकडे फाइल घेऊन जा. त्यांना पॅलिएटिव्हची चिठ्ठी दाखवा. एकदा घरी बोलवून पेशंट तपासायला लावा, त्याची फी द्या, नोंद ठेवा. मग तोंडावर विचारा: "रात्री-अपरात्री काही झालं तर तुम्ही याल का? सर्टिफिकेट द्याल का?" ते "बघू" म्हणाले तर दुसरा डॉक्टर शोधा. आमचे नेहमीचे डॉक्टर "बघू" म्हणाले होते. शेजारच्या सेक्टरमधल्या एका वयस्कर डॉक्टरांनी मात्र "फोन उशाशी ठेवतो" म्हटलं, आणि तसा तो ठेवला.

हे नसेल तर काय होतं ते सांगते. घाबरून १०८ ला फोन जातो. अँब्युलन्स हॉस्पिटलात नेते, कारण तिचं कामच ते आहे. वाटेत प्राण गेला तर कॅज्युअल्टीत "ब्रॉट डेड" लिहिलं जातं. तिथल्या डॉक्टरला पेशंटचा इतिहास माहीत नसतो. मग पोलिस, पंचनामा, कधी पोस्टमॉर्टेम. सहा महिने आजारी असलेल्या माणसाच्या बाबतीतही हे होतं, फाइल हाताशी नसेल तर. म्हणून फाइलचा सगळ्यात वरचा कागद, म्हणजे शेवटचा डिस्चार्ज किंवा पॅलिएटिव्हचा कागद, प्लास्टिकच्या पाकिटात घालून दाराजवळ खिळ्याला टांगा.

आणखी एक: आजारी माणूस घरात पडला, हाड मोडलं आणि त्यानंतर गेला, तर डॉक्टर पोलिसांना कळवायला सांगू शकतात, कारण तो अपघात धरला जातो. त्यावर चिडू नका, वेळ धरून ठेवा.

५. घर तयार करा

लागणाऱ्या वस्तू बहुतेक भाड्यानं मिळतात. मोठ्या हॉस्पिटलांच्या आसपासच्या सर्जिकल दुकानांत विचारा. डिपॉझिटची पावती जपून ठेवा.

- फाउलर कॉट, म्हणजे डोक्याकडून उचलता येणारी खाट. दम लागणाऱ्याला तिच्याशिवाय झोप नाही.
- एअर बेड, म्हणजे पडून पडून जखमा होऊ नयेत म्हणून असलेली हवेची गादी. त्याचा पंप सतत चालू हवा. वर एकच पातळ चादर घाला. वर गोधडी घातली की एअर बेडचा उपयोगच संपतो. आम्ही "टोचतं" म्हणून दोन गोधड्या घातल्या आणि चौथ्या दिवशी माकडहाडावर लाल चट्टा दिसला.
- डायपर, अंडरपॅड, बेडपॅन, युरिन पॉट, हातमोजे, पावडरीऐवजी साधी क्रीम.
- ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, डॉक्टरांनी सांगितलं असेल तरच. तो विजेवर चालतो. महावितरणची वीज गेली की बंद. म्हणून एक छोटा सिलेंडर जोडीला ठेवा, आणि त्याची चावी सिलेंडरलाच दोरीनं बांधा.
- चेहऱ्याकडे तोंड केलेला छोटा टेबल फॅन. ऑक्सिजनची पातळी ठीक असूनही दम लागतो असं वाटत असेल तर गार वाऱ्यानं बराच आराम पडतो.

दर दोन तासांनी कूस बदलायची. टाचा, माकडहाड, खांद्याची हाडं रोज बघायची.

इमारतीची लिफ्ट टेपनं मोजा. आमच्याकडे लिफ्टच नव्हती, पण सासूबाईंच्या इमारतीत लिफ्ट असून स्ट्रेचर आत गेला नाही आणि त्यांना खुर्चीत बसवून सहा मजले उतरवलं. मोठ्या सोसायट्यांत एक लिफ्ट लांब असते. ती कुठली ते वॉचमनला आधीच विचारून ठेवा, आणि रात्री अँब्युलन्सला गेट कुठलं उघडतात तेही.

नर्सिंग ब्युरोची मावशी किंवा वॉर्डबॉय ठेवणार असाल तर बारा तास की चोवीस, जेवण कोणाचं, सुट्टीच्या दिवशी बदली येणार का, हे पहिल्याच दिवशी बोलून घ्या. आधार कार्डाचा फोटो काढून घ्या. आणि रात्रीची मावशी ठेवा, दिवसाची नको. दिवसा घरात माणसं असतात, चहा देणारे शेजारी असतात. मोडतो माणूस तो रात्रीच्या जागरणानं. आई पहिले बारा दिवस एकटी जागली आणि तेराव्या दिवशी चक्कर येऊन ओट्याला आपटली.

६. दुखण्याशी तडजोड करू नका

बाबा सोसत होते. त्या पिढीला "दुखतंय" म्हणणं कमीपणाचं वाटतं. म्हणून "दुखतंय का" असं विचारू नका. "शून्य ते दहात किती?" असं विचारा. ते "सहा" म्हणाले तेव्हा मला कळलं की आम्ही दोन आठवडे त्यांना उगाच त्रासात ठेवलं होतं.

तोंडावाटे घ्यायची मॉर्फिनची गोळी हे तीव्र वेदनेचं जगभर वापरलं जाणारं औषध आहे. ती नाक्यावरच्या मेडिकलात मिळत नाही. मान्यताप्राप्त संस्थांमधूनच मिळते. २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाली, म्हणून हे आता पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. तीन गोष्टी लक्षात ठेवा:

- साधी गोळी दर चार तासांनी असते. दुखायला लागल्यावर द्यायची नसते, दुखू नये म्हणून घड्याळ लावून द्यायची असते. मधेच कळ आली तर जादा डोस किती, ते लिहून घ्या.
- बद्धकोष्ठ होतंच. पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून जोडीला हवं.
- डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दिली तर ती मरण लवकर आणत नाही, आणि या टप्प्यावर सवय लागण्याची भीती धरू नये. ही भीती आमच्या आत्यानं घातली होती आणि आईनं दोन डोस लपवले होते. आईला दोष देत नाही. तिला कोणी समजावूनच सांगितलं नव्हतं.

गोळ्या संपायच्या तीन दिवस आधी पुढच्या आणा. शुक्रवार बघून चाला. उरलेल्या गोळ्या नंतर जिथून आणल्या तिथेच परत द्या.

७. शेवटचे काही दिवस कसे दिसतात

हे कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. आधी माहीत असेल तर घाबरून हॉस्पिटलाकडे धावणं होत नाही.

आधी भूक जाते. आपल्या घरांत प्रेम म्हणजे भरवणं, त्यामुळे हेच सगळ्यात जास्त लागतं. पण शरीर आवरतं घेत असतं, त्याला अन्न नको असतं. जबरदस्तीनं भरवलेला पेजेचा घास श्वासनलिकेत जातो. मागतील तेवढं, चमच्यानं. ओठ ओल्या कापसानं टिपत राहा. ऑक्सिजन चालू असेल तर ओठांना व्हॅसलीन लावू नका.

मग झोप वाढते. दिवसाची रात्र होते. गेलेल्या माणसांशी बोलतात. बाबा त्यांच्या मोठ्या भावाला "दार लाव" म्हणायचे. खोडून काढू नका. एकदम तगमग वाढली, अंथरूण ओढायला लागले, तर लघवी अडली आहे का ते बघा आणि डॉक्टरांना फोन करा.

अगदी शेवटी हातपाय गार पडतात, गुडघ्यांवर निळसर जाळी दिसते, लघवी कमी होते. श्वास काही वेळ थांबतो, मग परत सुरू होतो. घशात घरघर होते. ती ऐकणाऱ्याला असह्य होते, पण बहुतेक वेळा पेशंटला तिचा त्रास होत नसतो. एका कुशीवर वळवा, उशी थोडी उंच करा. सक्शनची, म्हणजे नळीनं कफ ओढून काढायची, घाई नको. घरघर कमी करायचं इंजेक्शन असतं, ते घरी येणाऱ्या डॉक्टरांना आधी विचारून ठेवा.

ऐकू शेवटपर्यंत येत असतं असं धरून चाला. पैशांचं, जागेचं त्या खोलीत बोलू नका. आईनं बाबांना ऐरोलीला राहायला आले त्या पहिल्या पावसाळ्याची आठवण सांगितली, घरात कसं पाणी गळायचं ते. तुळशीपत्र, गंगाजल द्यायचं असेल तर ओठांना नुसता थेंब लावा. तोंडात ओतू नका, ठसका लागतो.

८. आयसीयूत असाल तर

हॉस्पिटलाशी बोलणारं माणूस एकच ठेवा. सासूबाईंच्या वेळी आम्ही चौघं चार वेळेला डॉक्टरांना भेटलो आणि चार वेगळे अर्थ घेऊन आलो. व्हेंटिलेटर लावायच्या आधी विचारा: "यानं त्या घरी येण्याची शक्यता आहे का?" लावणं एका सहीचं काम असतं. काढायचं ठरलं तर हॉस्पिटलची दोन वैद्यकीय मंडळं बसतात, दोन्हींत तीन-तीन डॉक्टर, आणि दुसऱ्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सुचवलेला डॉक्टर असतो. प्रत्येक मंडळानं शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं असतं, आणि अंमल करण्याआधी हॉस्पिटल प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवतं. लिव्हिंग विल नसेल तरी घरच्यांच्या संमतीनं हाच मार्ग मोकळा असतो. हृदय बंद पडल्यावर छाती दाबून परत सुरू करायचं नाही, हा निर्णय, म्हणजे डीएनएआर, वेगळा. त्यावर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या मार्गदर्शक सूचना आहेत. "डीएनएआरबद्दल बोलायचंय" म्हणा, डॉक्टरांना कळतं.

घरी न्यायचं ठरलं तर "वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज" या कागदावर मुकाट्यानं सही करू नका. विम्याला आणि नंतरच्या दाखल्याला तो कागद नडू शकतो. डिस्चार्जवर आजार, त्याचा टप्पा आणि घरी चालू ठेवायची औषधं लिहून मागा.

बिल बाकी आहे म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. महाराष्ट्राच्या २०२१ च्या सुधारित नर्सिंग होम नियमांत तसं आहे. आम्हाला काउंटरवर दोन तास बसवून ठेवलं होतं. हा नियम माहीत असता तर तो वेळ गेला नसता.

९. प्राण गेल्यानंतरचे पहिले तास

घाई नसते. हे स्वतःला दोनदा सांगा. पहिला फोन त्या ठरवलेल्या डॉक्टरला. ते येईपर्यंत डोळे मिटा, कवळी बसवायची असेल तर आत्ताच बसवा, हनुवटीला कापडी पट्टी बांधा, हातपाय सरळ करा, अंगठ्या-बांगड्या काढा. काही तासांत शरीर ताठरतं, मग हे जमत नाही.

- नेत्रदान करायचं असेल तर सहा तासांच्या आत. पंखा बंद, पापण्यांवर ओला कापूस, डोक्याखाली उशी. बहुतेक कॅन्सरमध्येही डोळे चालतात, रक्ताच्या कॅन्सरमध्ये नाही. नेत्रपेढीचा नंबर आधीच फ्रिजवर लावा.
- देहदानाचा अर्ज भरला असेल तरी त्या वेळी संबंधित मेडिकल कॉलेजला फोन करावाच लागतो, आणि घरच्यांचा होकारही लागतो.
- पेसमेकर असेल तर दहनाआधी काढून घ्यावा लागतो. त्याचा स्फोट होतो. डॉक्टरांना आठवण करा.
- परगावची माणसं यायची असतील तर फ्रीझर बॉक्स भाड्यानं मिळतो.

शववाहिनी महापालिकेचीही असते. स्मशानात जाताना डॉक्टरचं मूळ प्रमाणपत्र, गेलेल्या माणसाचं आणि माहिती देणाऱ्याचं आधार कार्ड, दोघांच्याही झेरॉक्स. ठाण्यात जवाहरबाग असो की नवी मुंबईत तुमच्या नोडमधली (भागातली) स्मशानभूमी, लाकूड की गॅस-विद्युत ते फोनवर आधी विचारा. दाहिनी कधी दुरुस्तीला असते.

१०. मृत्यूचा दाखला

मृत्यूची नोंद तो जिथे झाला तिथल्या महापालिकेत होते, तुम्ही राहता तिथल्या नाही. घर ठाण्यात आणि मृत्यू परळला, तर दाखला मुंबई महापालिकेचा. आमच्या शेजाऱ्यांनी यात दोन आठवडे घालवले. ठाण्यात प्रभाग समिती कार्यालय, नवी मुंबईत विभाग कार्यालय. हॉस्पिटलात मृत्यू झाला तर नोंद कळवायचं काम हॉस्पिटलचं.

मुदत २१ दिवस. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत उशिराचं शुल्क, पुढे लेखी परवानग्या, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश.

अर्ज भरताना नावाचं स्पेलिंग आधार, पॅन आणि बँकेत कसं आहे ते समोर ठेवून भरा. "लक्ष्मीबाई" एकीकडे आणि "लक्ष्मी" दुसरीकडे असेल तर पुढे प्रतिज्ञापत्रं करत बसावं लागतं. आठ-दहा प्रती घ्या.

पैशांबाबत दोनच गोष्टी सांगते. गेलेल्या माणसाच्या एटीएम कार्डानं पैसे काढू नका, पिन माहीत असला तरी. नंतर वारसांत हाच मुद्दा होतो. आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो विश्वस्त असतो, हे फ्लॅटच्या बाबतीत सगळ्या भावंडांना एकदा शांतपणे वाचून दाखवा. तेराव्याच्या आत मात्र यातलं काहीही काढू नका.

११. चौदाव्या दिवसापासून

तेरा दिवस घर भरलेलं असतं. कोणी पिठलं-भात आणतं, कोणी चटया. ज्यांच्याकडे दहावा-तेरावा नसतो त्यांच्याकडेही माणसांची ये-जा असते. चौदाव्या दिवशी सगळे आपापल्या गाडीला लागतात. तेव्हा खरं सुरू होतं.

कॉट आणि एअर बेड परत द्यायची घाई आम्ही केली. आई त्या रिकाम्या चौकोनाकडे बघत बसायची. आधी तिला विचारायला हवं होतं. कपड्यांचंही तसंच. वाटायचे कधी, कोणाला, हे तिचं तिला ठरवू द्या. एक शर्ट तिनं अजून ठेवला आहे.

मनात काय काय येतं ते सांगते, कारण मला वाटलं होतं मलाच येतंय. पहिला सुटल्यासारखा श्वास. बाबा गेले तेव्हा मला हलकं वाटलं, आणि त्याची मला आठवडाभर लाज वाटली. पॅलिएटिव्हच्या डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, बहुतेक सगळ्यांना वाटतं, फार थोडे सांगतात. मग "अ‍ॅडमिट केलं असतं तर?" हे येतं. ते रात्री येतं. त्यावर माझा उपाय असा: ती वही, पायरी १ मधली, काढायची आणि त्या दिवशी आपल्याला काय माहीत होतं ते वाचायचं. आज जे माहीत आहे ते त्या दिवशी नव्हतं.

भावंडांत भांडण होतं. दूर असलेला भाऊ सगळ्यात मोठ्या आवाजात प्रश्न विचारतो, कारण तो तिथे नव्हता. आमचंही झालं. सहा महिन्यांनी तो एकटाच ठाण्याला येऊन माझ्याकडे दोन तास रडला.

मुलांना "आजोबा झोपले" म्हणू नका. माझ्या भाचीला झोपायची भीती बसली होती. "आजोबांचं शरीर बंद पडलं, ते आता परत येणार नाहीत, त्यांना दुखत नाही," एवढं पाच वर्षांच्या मुलाला कळतं. ते तेच दहा वेळा विचारेल, दहा वेळा सांगा.

भेटायला जाणार असाल तर "देवाची इच्छा", "सुटले बिचारे" हे आपण म्हणू नये. गेलेल्याचं नाव घ्या, एखादी आठवण सांगा, आणि जाताना एक नेमकं काम उचला: "मंगळवारी विभाग कार्यालयात मी येतो." "काही लागलं तर सांगा" असं म्हटल्यावर कोणी काही सांगत नाही.

रडू येणं, जेवण न जाणं, दार वाजल्याचा भास होणं, हे काही महिने चालतं, आणि वर-खाली होत होत कमी होतं. पण सहा महिने उलटूनही माणूस अंथरुणातून उठत नसेल, कामं सुटली असतील, दारू वाढली असेल, तर डॉक्टरांकडे न्या. "मलाही जायचंय" असं बोलत असेल तर एक दिवसही थांबू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, विनामूल्य, चोवीस तास, मराठीतही बोलतात. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासूनचं आहे आणि तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे. त्या दारातून आत जायला लोक कचरतात. माझी आई गेली होती, मी सोबत होते, रिक्षावाल्यालासुद्धा पत्ता सांगताना तिनं मला बोलायला लावलं. तीन महिने गोळ्या घेतल्या, मग डॉक्टरांनी हळूहळू बंद केल्या.

कॅलेंडरवर आत्ताच तारखा लिहून ठेवा: पहिला वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, पहिला गणपती, पहिली दिवाळी, वर्षश्राद्ध. त्या दिवशी मागे राहिलेल्याला सकाळी लवकर फोन करा, इतरांचे फोन सुरू व्हायच्या आधी. आई साडेपाचला उठते. मी पावणेसहाला करते. पहिली दोन मिनिटं आम्ही काही बोलत नाही, मग ती विचारते आज डब्याला काय केलंस.